जागेवर न थांबणारं फोल्डर

या सदरातले अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवते आणि आम्ही दोघं हसतो. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, घाटात लिफ्ट मागणारी बाई... माझा यातल्या कशावर काडीचा विश्वास नव्हता. आमची गाडी मी मुद्दाम अमावस्येला घरी आणली होती, सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला तरी. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसले आहे याचं मलाच अवघडल्यासारखं झालंय. बरं, माझ्या अनुभवात भूत वगैरे नाही. एक कॉम्प्युटर आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

भोरमध्ये आमचा फोटो स्टुडिओ आहे. महेश, म्हणजे माझे मिस्टर, शूटिंग करतात आणि मी आत बसून अल्बम डिझाइन करते. पुढे काउंटर, मध्ये पडदा, पडद्यामागे माझं टेबल. लग्नसराईत मी त्या स्क्रीनसमोर इतकी असते की घरापेक्षा तो डेस्कटॉप मला जास्त ओळखीचा आहे. आणि डेस्कटॉपच्या बाबतीत मी भयंकर काटेकोर आहे. डावीकडच्या रांगेत सॉफ्टवेअर. उजवीकडच्या रांगेत चालू कामांची फोल्डर्स — ज्याचं लग्न आधी, तो वर. मधली सगळी जागा मोकळी. महेशनी घाईत कॅमेऱ्याचं कार्ड कॉपी करून एखादं 'न्यू फोल्डर' मध्येच टाकलं, की आमचं भांडण ठरलेलं.

मध्ये मोकळी जागा ठेवायचं कारण म्हणजे मागचा फोटो. महेशनी विंझरच्या पुढे ड्रोन उडवून काढलेला. खाली वेल्ह्याचा रस्ता, त्याच्या कडेला शेतं, वर डोंगराची लांब सोंड आणि तिच्या पोटातल्या घळी. तो फोटो मला फार आवडायचा. त्याच्यावर आयकॉनची पिल्लावळ पसरलेली मला चालायची नाही.

वैशाखाच्या सुरुवातीची गोष्ट. एका सकाळी कॉम्प्युटर लावला तर 'नीलेश-पूजा' हे फोल्डर उजव्या रांगेत नव्हतं. ते मध्येच, डोंगरावर जाऊन बसलेलं. एका काळ्या कड्याच्या बाजूला झाडीची घळ दिसते, बरोबर तिच्यावर.

नीलेश हा विंझरच्या पलीकडच्या एका वाडीतला मुलगा. शेती करतो, दुधाचा धंदा आहे. त्याचं आणि पूजाचं प्री-वेडिंग आम्ही नुकतंच धरणाच्या कडेला केलं होतं आणि लग्न अगदी तोंडावर आलं होतं. मला वाटलं, महेशनी फोटो बघताना फोल्डर ओढलं असेल. मी ते उचलून रांगेत ठेवलं आणि कामाला लागले. जेवून आले, तर परत घळीवर.

"तुम्ही माझ्या कॉम्प्युटरला हात लावला का?"

"मी सकाळपासून काउंटरवर आहे बाई. पासपोर्ट फोटोंची रांग लागलीय, दिसत नाही का?"

परत रांगेत ठेवलं. परत गेलं. गंमत अशी की मला ते हलताना कधीच दिसलं नाही. समोर बघत बसले की फोल्डर मुकाट जागेवर. पाणी प्यायला मान वळवली, फोन घेतला, की गेलं. आणि एवढी फोल्डर्स असताना फक्त तेच. बाकी एकही केसभर सरकलं नाही.

मग मी ऑटो अरेंज चालू केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — ते चालू केलं की सगळे आयकॉन डावीकडून ओळीने लागतात आणि तुम्ही ठरवलंत तरी एखादा ओढून मध्ये ठेवता येत नाही. सोडला की परत ओळीत पळतो. माझी रचना बिघडली, पण म्हटलं राहू दे. सगळे आयकॉन शाळेच्या प्रार्थनेतल्या मुलांसारखे उभे राहिले, 'नीलेश-पूजा' सुद्धा. मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला.

सगळे ओळीत. ते एक, घळीवर.

मेनू उघडून बघितलं. ऑटो अरेंजपुढे टिक तशीच होती. आम्हाला कॉम्प्युटर पुरवणाऱ्या पुण्याच्या मुलाला फोन केला. त्याने लांबून कनेक्ट करून बराच वेळ खुडबुड केली, व्हायरस शोधला, स्क्रीनचं सेटिंग बघितलं. शेवटी म्हणाला, "मॅडम, ही टिक असताना आयकॉन तिथे थांबूच शकत नाही."

"पण थांबलाय ना. तुला दिसतोय ना?"

"दिसतोय... फॉरमॅट मारून बघू का?"

लग्नसराईच्या ऐन मध्यावर फॉरमॅट? मी नको म्हटलं.

तोपर्यंत मला फक्त वैताग आला होता, भीती नव्हती. भीती दुसऱ्या दिवशी वाटली. महेश सकाळी बाहेरून आले तेच चेहरा पाडून.

"अगं, तो नीलेश... गायब आहे म्हणे. परवापासून. बाईक किकवीला हायवेच्या कडेला सापडली. फोन बंद. लोक म्हणतायत लग्न नको होतं म्हणून गाडी लावून बसमध्ये बसला आणि गेला मुंबईकडे."

माझ्या हातात माउस होता. मी महेशना पडद्यामागे यायची खूण केली. फोल्डर डोंगरावर होतं.

महेशनी आधी माझ्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे. "हे काय आता?"

मी सगळं सांगितलं. ते चिडलेच. "एका मुलाच्या घरी काय प्रसंग आलाय, आणि तू आयकॉन दाखवतेस मला?" चिडणं बरोबरच होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही चिडले असते. पण मला आता गप्प बसवेना. पूजाच्या घरून लग्न मोडल्याचा निरोप गेला होता. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली होती, पण मुलगा सज्ञान आहे, मनानं गेला असेल तर येईल, असं त्यांचंही म्हणणं होतं. म्हणजे आता कुणी त्याला शोधतच नव्हतं.

"एक करू," मी म्हटलं. "तुम्ही याच डोंगराचा दुसऱ्या बाजूने काढलेला फोटो आहे ना? मागे वेल्ह्याकडून येताना ड्रोन उडवला होता तो? तो लावून बघू. स्क्रीनच बिघडली असेल तर फोल्डर स्क्रीनच्या त्याच जागी जाईल. मग मी परत हा विषय काढणार नाही."

महेशनी तो फोटो शोधून मागे लावला. दुसऱ्या बाजूने तो डोंगर अगदीच वेगळा दिसतो. सोंड उलटीकडे जाते, रस्ता वर आणि झाडी खाली येते. महेशनी स्वतःच्या हाताने फोल्डर ओळीत टाकलं आणि माउसची वायर उपसून माउसच खिशात घातला. मग पुढे कोणीतरी हाक मारली म्हणून आम्ही दोघं काउंटरवर गेलो. फोटो न्यायला आलेलं गिऱ्हाईक होतं. पाकीट देऊन आत आलो.

फोल्डर हललं होतं. पण कालच्या जागी नव्हतं. आता ते स्क्रीनच्या डाव्या अंगाला, खालच्या बाजूला होतं.

"बघ," महेश म्हणाले, "म्हणजे काहीतरी बिघाडच..." आणि बोलता बोलता थांबले. खाली वाकले. खिशातून माउस काढून परत जोडला, दोन्ही फोटो शेजारी शेजारी उघडले आणि मोठे करत गेले. त्या डोंगरावर ड्रोन त्यांनी उडवलेला, मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी फक्त त्यांच्या कानामागून घामाचा ओघळ उतरताना बघत होते. पंखा तर चालू होता.

"वैशाली... हा तोच कडा आहे. हा इथून दिसतो तो, आणि हा तिथून. ही तीच घळ आहे."

त्यानंतर ते माझ्यावर चिडले नाहीत. शटर ओढलं आणि आम्ही निघालो. निघताना मी स्क्रीनचे मोबाईलवर फोटो काढून घेतले.

कापूरहोळ, नसरापूर, मग विंझरचा रस्ता. गाडीत आम्ही काय सांगायचं यावर बोलत होतो. खरं सांगितलं तर हाकलून देतील. महेश म्हणाले, एका गुराख्याने बघितलं असं सांगू.

नीलेशच्या घरी अंगणात लग्नाच्या मांडवाचे बांबू येऊन पडलेले होते. त्याचे चुलते, तात्या म्हणतात त्यांना सगळे, ओट्यावर बसले होते. नीलेशचे वडील तो लहान असतानाच गेले, तात्यांनीच त्याला वाढवलं. त्यांनी मान वर केली नाही.

"फोटोचं काय आसंल ते नंतर बगू भाऊ. आमची पार लाज गेली. पोरीच्या बापापुढं कोणत्या तोंडानं जायचं?"

"तात्या, फोटोचं नाही," महेश म्हणाले. "एकानं त्याला डोंगराकडं जाताना बघितलंय. वरच्या घळीच्या अंगाला."

"कुणी बगितलं?"

महेशना पटकन नाव सुचलं नाही. तात्या उठून उभेच राहिले. "कुणी बगितलं? नाव सांगा की! गाडी किकवीला आन पोरगं डोंगरात? उगा माणसाच्या जखमंवर..."

आतून नीलेशची आई आली. डोळे सुजलेले, पण आवाज एकदम शांत होता. "माजं पोर पळायचं न्हाई," ती म्हणाली. "किती वर्सं पोरी बगितल्या. शेतीवाला म्हनून सगळ्यांनी नको म्हटलं. आन आता व्हय आलाय तर त्यो पळंल? म्या सगळ्यांना हेच सांगतीया, कुनी ऐकंना."

ती माझ्याकडे बघत होती. मला खोटं बोलवेना. मी मोबाईल काढला आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. कॉम्प्युटर, फोल्डर, दोन्ही फोटो, सगळं. सांगताना माझं मलाच ऐकवत नव्हतं. तात्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही, मग राग आला, आणि ते तोंड उघडणार तेवढ्यात ती बाई मोबाईलच्या स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली —

"ह्यो वाघजाईच्या वाटंचा कडा हाय."

आणि पायात चपला सरकवून ती चालायलाच लागली. मग कोण थांबणार? तात्या निघाले, शेजारची माणसं निघाली, कुणी दोर घेतला, कुणी कळशीभर पाणी.

वाघजाई म्हणजे त्यांची कुलदेवी, सोंडेच्या वर तिचं ठाणं आहे. उन्हं कलायला लागली होती तरी दगड तापलेले होते. वाळलेल्या गवतावरून पाय घसरत होता. वाट सुरू होते तिथे एक जांभळाचं झाड आहे. तात्या सगळ्यांच्या पुढे होते. त्या झाडापाशी ते असे उभे राहिले की मला वाटलं, त्यांना चक्कर आली.

बुंध्याच्या मागे, दगडावर, चपलांचा जोड व्यवस्थित शेजारी शेजारी ठेवलेला होता.

"निल्याच्या हायत," तात्या म्हणाले.

वरून फोटोत जे स्पष्ट दिसतं ते खालून ओळखूच येत नाही. कड्याच्या दोन्ही बाजूंना झाडी, दोन्हीकडे घळी. महेश मोबाईल आडवा-उभा करत होते, कधी या घळीकडे बोट दाखवत होते, कधी त्या. सूर्य सोंडेमागे जायला आला होता. माणसं हाका मारत होती — "नीलेऽऽश! ए निल्या!" — आणि हाक कड्यावर आपटून परत येत होती. उत्तर नाही. माझ्या मनात आलं, तो इथे नसेलच तर? आणि त्याहून वाईट... असेल, पण असा असेल की उत्तरच देणार नाही तर? एका आईला मी हे काय दाखवायला आणलंय?

"गप ऱ्हावा समदी," त्याची आई एकदम म्हणाली.

सगळे गप्प झाले. आणि मग आला तो आवाज. दगडावर दगड. टक्... टक्... अगदी मंद, आणि मध्ये इतकं थांबून की प्रत्येक वेळी वाटावं, हा शेवटचाच. महेश ज्या घळीकडे पाठ करून उभे होते तिच्यातून.

तो जिवंत होता. वरच्या वाटेवरून पाय निसटून घळीत कोसळला होता. मांडीचं हाड मोडलेलं, ओठ फुटलेले, आवाज पार बसलेला. पडला तिथे खडकातून पाणी झिरपत होतं आणि हाताच्या अंतरावर करवंदाची जाळी होती, त्यावर त्याने जीव धरला. हाका त्याला पहिल्यापासून ऐकू येत होत्या, पण ओ देता येत नव्हती. मोबाईलचा चुरा झालेला. शर्टाच्या खिशात हळद-कुंकू लावलेली लग्नपत्रिका होती, घामानं चिकटून गेलेली.

तात्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन दिवस दाबून ठेवलेलं सगळं रडून घेतलं. "म्या तुला काय काय बोललो रं..." एवढंच सारखं. त्याची आई रडली नाही. ती पदर पाण्यात बुडवून त्याचं तोंड पुसत होती.

घरून मांडवाचे बांबू मागवले आणि त्यांना घोंगडी बांधून त्याला खाली आणला. पुढे पुण्याला नेला, ऑपरेशन झालं.

नंतर त्याच्याकडून कळलं ते असं. त्याने मनातल्या मनात वाघजाईला नवस केला होता. लग्न ठरलं की पहिली पत्रिका घेऊन अनवाणी आणि एकटा येईन, कुणाला न सांगता. त्या दिवशी तो बाईक सर्व्हिसिंगला किकवीला घेऊन गेला, तर ओळखीच्या मेकॅनिकचं गॅरेज बंद. नंतर फोन करू म्हणून त्याने गाडी तिथेच लॉक केली, मिळेल त्या टेम्पोने परत आला आणि परस्पर डोंगराच्या वाटेला लागला. इतकं साधं.

पूजाचे वडील हॉस्पिटलमध्ये येऊन तात्यांना भेटले. दोघंही बराच वेळ एकमेकांचे हात धरून बसले होते. लग्न दिवाळीनंतर झालं, नीलेश काठी टेकत बोहल्यावर चढला. अल्बम मीच केला.

तो सापडल्यावर दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटर लावला. 'नीलेश-पूजा' ओळीत उभं होतं, शहाण्यासारखं. मी ते ओढून घळीवर ठेवून बघितलं. सोडल्याबरोबर परत ओळीत गेलं. ऑटो अरेंजनं जसं वागायला हवं तसंच.

असं सगळं झाल्यावर गोष्ट पसरायला किती वेळ लागणार? थोड्याच दिवसांत लोक काउंटरवर येऊन विचारू लागले. कुणाची म्हैस हरवलेली, कुणाची साखळी. मी हात जोडून परत पाठवायचे. पण एक बाई आल्या त्यांना नाही म्हणवलं नाही. सारोळ्याकडच्या. त्यांचा नवरा काही वर्षांपूर्वी सकाळी घरातून निघाला तो आलाच नाही. शेवटचं कुणीतरी नीरा नदीच्या पुलावर त्याला उभा बघितला होता. त्यांनी पिशवीतून लग्नातला फोटो काढला.

"मावशी, मला यातलं काही येत नाही हो," मी म्हटलं. "ते एकदाच झालं. का झालं, मला माहीत नाही."

"व्हय, कळलं मला. पर लावून तर बग. नदीचा फोटो लाव मागं."

महेशकडे पुलावरून काढलेला नीरेचा फोटो होता. तो मागे लावला. त्यांचा फोटो स्कॅन करून फोल्डर केलं, त्यांच्या नवऱ्याच्या नावाचं. मावशी माझ्या शेजारी खुर्ची घेऊन दुपारभर त्या स्क्रीनकडे बघत बसल्या. मी मुद्दाम मान वळवत होते, उठून पाणी आणत होते आणि परत बघत होते.

फोल्डर हललं नाही.

चार वाजायला आले तेव्हा मावशींनी इतका वेळ समोर थंड होत असलेला चहा एका घोटात संपवला. "मंजी नदीत न्हाई त्यो," त्या म्हणाल्या. त्यावरून असं सिद्ध होत नाही हे मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

मी यावर खूप विचार केलाय. त्या पुण्याच्या मुलाने कॉम्प्युटर उघडून तपासला, त्यात काही सापडलं नाही. महेश म्हणतात, वाघजाईनं केलं. नीलेशची आईही तेच म्हणते. मला तसं म्हणता येत नाही, आणि तसं नाही असंही आता म्हणता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर कळवा, मी मनापासून वाचेन.

डेस्कटॉपवर अजून नीरेचाच फोटो आहे. दोन-चार महिन्यांनी कधीतरी सारोळ्याहून फोन येतो. मावशी आधी माझी, मुलांची, पावसापाण्याची चौकशी करतात. मग विचारतात —

"हाय न्हवं जाग्यावर?"

मी मान वर करून बघते.

"आहे, मावशी."